हिरवं ताट कुणासाठी?

चीनमधल्या हिरव्या झिलईच्या भांड्यांना जगानं जितकी नावं दिली, तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या भांड्याला दिली असतील. घरचं नाव मात्र बाहेर कुणी उचललं नाही. चिनी लोक त्यांना ‘छिंग’ रंगाची भांडी म्हणतात, आणि या एका शब्दात हिरवा, निळा नि दोन्हींच्या मधला सगळा मुलूख येतो. युरोपात त्यांचं ‘सेलाडॉन’ झालं. बहुतेकांच्या मते ते आलं सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच कादंबरीतून. ओनोरे द्युर्फेच्या ‘लास्त्रे’ या कादंबरीत सेलादों नावाचा प्रेमवेडा मेंढपाळ आहे, आणि फिकट हिरव्या फिती ही त्याची खूण. अरब-इराणी व्यापाऱ्यांनी त्यांना ‘मर्तबानी’ म्हटलं, कारण माल ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून यायचा. हिंदीत आणि दखनीत लोणच्याच्या बरणीला अजून मर्तबान म्हणतात, ते तिथलंच. मुघलांच्या काळात हिंदुस्थानात हीच भांडी ‘घोरी’ झाली. जपान्यांनी त्यातल्या सगळ्यात देखण्या प्रकाराला ‘किनुता’ म्हटलं. किनुता म्हणजे कापड कुटायची मोगरी. एका फुलदाणीचा आकार तसा दिसला, एवढंच कारण!

ही नुसती गंमत नाही. ज्यानं विकत घेतलं त्यानं नाव ठेवलं, आणि ज्यानं नाव ठेवलं त्यानंच पुढे मोलही ठरवलं. या भांड्यांवरची समीक्षा वाचताना मला सारखं हेच जाणवतं. कुणाच्या डोळ्यानं बघायचं हे आधीच ठरलेलं असतं. चांगलं म्हणजे सम्राटाच्या दरबारातलं, विद्वानाच्या मेजावरचं, जपानी चहागृहातलं. आणि जहाजात भरभरून परमुलखात गेलेलं ते ‘निर्यातीचं’. हा शब्द उच्चारला की आवाज आपोआप एक पायरी खाली येतो. हा निवाडा मला पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर आधी भांडं कसं होतं ते बघायला हवं, कारण त्याशिवाय केलेलं कौतुक फुकट आणि केलेली नालस्तीही फुकट.

या भांड्यावर हिरवा रंग लावलेलाच नसतो. झिलईत अगदी थोडं लोखंड असतं, शंभरात एक-दोन भाग. बाकी राख, चुना, गारगोटीची माती. भट्टी बाराशे अंशांच्या पुढे जाते. त्या वेळी आत हवा मुबलक असली तर तेच लोखंड पिवळट-तपकिरी उतरतं. भट्टीतली हवा कोंडून धूर आत राखला, तर ते हिरवं-निळसर होतं. म्हणजे रंग डब्यात नाही, आगीच्या श्वासात आहे. एका तासाची चूक, एक उघडं राहिलेलं भोक, आणि सगळा माल गवताळ पिवळा. आपल्या कुंभाराचा आवा काळा-लाल भांडी देतो तेव्हा तिथंही हाच खेळ चालतो. फक्त इथं तो फार वरच्या तापमानावर आणि फार बारीक हातानं खेळलेला आहे.

झेजियांग प्रांताच्या दक्षिणेला, डोंगरात, लोंगच्वान नावाचं गाव आहे. तिथल्या भट्ट्या डोंगराच्या उतारावर सापासारख्या लांबच लांब बांधलेल्या असत. चिनी लोक त्यांना ड्रॅगन-भट्टी म्हणतात. खालच्या तोंडाला जाळ घालायचा, आणि वरवर जाताना बाजूच्या भोकांतून लाकूड टाकत जायचं. एकेका वेळी हजारो भांडी. प्रत्येक चांगलं भांडं जाड मातीच्या डब्यात बंद, म्हणजे राख पडू नये. दक्षिणी सोंग काळात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकात, तिथल्या कारागिरांनी अशी झिलई साधली की ती वितळूनही ओघळत नसे. म्हणून ती थरावर थर देऊन जाड लावता येई. तिच्यात बारीक बुडबुडे आणि न विरघळलेले कण राहतात. उजेड आत शिरतो, त्यांच्यावर आपटून विखुरतो आणि परत येतो. त्यामुळे पृष्ठभाग काचेसारखा चमकत नाही. साय धरलेल्या दुधासारखा मऊ दिसतो. ‘जेडसारखं’ म्हणतात ते हेच. चिनी माणसाला जेड हा दगड सोन्याहून थोर, त्यामुळे यापेक्षा मोठी पावती त्यांच्याकडे नाही.

ही जेडची तुलना फार जुनी आहे. आठव्या शतकात लू यू यानं चहावर ग्रंथ लिहिला. त्यात उत्तरेकडच्या पांढऱ्या वाट्यांपेक्षा झेजियांगच्या उत्तर भागातल्या युए भट्ट्यांच्या हिरव्या वाट्या त्यानं वरच्या ठरवल्या, आणि एक कारण अगदी घरगुती दिलं: त्या वाटीत चहाचा रंग हिरवा दिसतो. मला हा समीक्षक आवडतो. तो भांडं रिकामं ठेवून बघत नाही, चहा ओतून बघतो. त्याच्या नंतरच्यांनी जेडची उपमा ठेवली नि चहा सांडून टाकला. मग सुरू झाली ती निव्वळ राजदरबारी चढाओढ. दरबाराच्या ‘गुप्त रंगा’च्या भांड्यांबद्दल शेकडो वर्षं नुसती चर्चा चालली. १९८७ मध्ये फामेन मंदिराचं तळघर उघडलं, तेव्हा कुठे ती डोळ्यांना दिसली. ८७४ मध्ये बंद केलेल्या त्या तळघरात भांड्यांबरोबर त्यांची यादी कोरलेली शिळाही होती. ती भांडी सुंदरच आहेत, पण त्यांचं निम्मं तेज गुप्ततेचं आहे हे ध्यानात ठेवावं.

चढाओढीचं टोक बघायचं तर रू भट्टीकडे बघा. हनान प्रांतातली ही भट्टी उत्तरी सोंगांच्या शेवटी थोडी वर्षं दरबारासाठी चालली. तिची आज शंभराच्या आतच भांडी शिल्लक आहेत. त्यातलं एक, कुंचला धुवायचं, तळहाताएवढं, २०१७ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २९.४ कोटी हाँगकाँग डॉलरला गेलं. ते सुरेख आहे, यात वाद नाही. पण त्याची किंमत सुरेखपणाची किती नि दुर्मीळपणाची किती, हे वेगळं करून सांगणारी समीक्षा मला फारशी दिसत नाही. थोडं म्हणजे थोर, हे बाजाराचं गणित आहे. समीक्षेनं ते उसनं का घ्यावं?

आता समुद्राकडे वळू. १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ एक बुडालेलं जहाज सापडलं. लोखंडी खिळ्यांऐवजी दोरीनं शिवलेल्या फळ्यांचं, म्हणजे आपल्या पश्चिमेकडच्या समुद्रातल्या धर्तीचं. आत सुमारे साठ हजार भांडी. एका वाटीवर तारीख कोरलेली, ती ८२६ सालची. बहुतेक माल चांगशाच्या साध्या चित्रांच्या वाट्यांचा. बऱ्याचशा वाट्या मोठ्या हिरवट रांजणांत वळीव रचून भरलेल्या, गृहिणी डब्यात पापड रचते तशा. त्यात युएची उंची हिरवी भांडी होती दोनशेच्या आसपास. तेव्हा हिरवा रंग अजून महागातला होता.

पाचशे वर्षांनी चित्र पालटलं. १३२३ मध्ये चीनच्या निंगबो बंदरातून जपानकडे निघालेलं एक जहाज कोरियाच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ, सिनान इथं बुडालं. १९७५ मध्ये एका कोळ्याच्या जाळ्यात त्यातली भांडी आली, आणि १९७६ ते १९८४ पर्यंत उत्खनन चाललं. वीस हजारांवर भांडी निघाली, त्यातली निम्म्याहून जास्त लोंगच्वानची हिरवी. शिवाय २८ टन तांब्याची नाणी. मालाला बांधलेल्या लाकडी पट्ट्यांवर क्योतोच्या तोफुकुजी मंदिराचं नाव होतं. म्हणजे गिऱ्हाईक होतं एक देऊळ! त्याच शतकात वांग दायुआन नावाचा चिनी प्रवासी बंदरा-बंदरागणिक काय खपतं त्याची नोंद करतो, आणि त्यात छूझोउची, म्हणजे लोंगच्वान ज्या जिल्ह्यात येतं तिथली भांडी पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडे तमिळनाडूतल्या पेरियापट्टिनमला त्यांची खापरं निघाली. कैरोजवळ फुस्तातच्या उकिरड्यात निघाली, आणि तिथल्या कुंभारांनी त्यांच्या नकलाही केल्या. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तर लोकांनी चिनी वाट्या कबरींच्या खांबांत नि मशिदींच्या भिंतींत बसवल्या.

इथं समीक्षक म्हणतात, झालं, माल वाढला आणि कला उतरली. त्यांचा पुरावा एकच: झिलई पातळ झाली, काचेसारखी झाली, आणि तिच्याखाली फुलं, मासे, ड्रॅगन आले. सोंग काळाचा तो मितभाषी, कोरा पृष्ठभाग गेला. यातलं निरीक्षण खरं आहे. त्यावरून काढलेलं अनुमान मात्र मला मान्य नाही.

का ते सांगते. चौदाव्या शतकातलं लोंगच्वानचं मोठं ताट घ्या. हातभर रुंद, जाड, कडेला घड्या, मधे कोरलेलं कमळ नाही तर ठशाचा मासा. हे ताट पश्चिम आशियातल्या जेवणासाठी केलेलं आहे. तिथं दस्तरखान पसरायचा, मधे भाताचं नि मटणाचं भलंमोठं ताट ठेवायचं, आणि सगळ्यांनी गोल बसून त्यातच हात घालायचे. चीनमध्ये तर माणशी वाटी, छोटी बशी नि काड्या. म्हणजे लोंगच्वानच्या डोंगरातल्या माणसानं स्वतः कधी न जेवलेल्या रीतीसाठी ताट घडवलं. हे सोपं आहे का हो? एवढं रुंद ताट भट्टीत बसतं, वाकतं, मधे फुगतं. ते सपाट राहावं म्हणून भिंत जाड केली, बुडाखाली वेगळं कडं ठेवून त्याच्यावर तोललं. पातळ झिलईखालचं कोरीव काम का आलं तेही मग कळतं. ताट भरलेलं असताना नक्षी दिसत नाही. भात सरत जातो तशी कमळाची एकेक पाकळी वर येते, आणि रस्सा कोरलेल्या खोलगटीत साचला की ती आणखी गडद होते. जाड दुधी झिलईत हे झालंच नसतं. म्हणजे ज्याला उतरण म्हटलं, ती खरं तर नव्या कामासाठी केलेली नवी योजना आहे. चांगल्या स्वयंपाकिणीला कळतं की श्रीखंडाचं भांडं आणि आमटीचं भांडं एकाच मापानं तोलायचं नसतं.

इस्तंबूलच्या टोपकापी महालात तेराशेच्या वर हिरवी चिनी भांडी आहेत. ती ठेवली आहेत महालाच्या जुन्या मुदपाकखान्यांच्या इमारतीत, हे मला फार योग्य वाटतं. बहुतेक ठिकाणी मात्र हे ताट काचेच्या कपाटात भिंतीला टेकवून उभं करतात, एखाद्या तसबिरीसारखं. उभं ताट म्हणजे न जेवलेलं ताट! त्याच्याकडे वरून, बसल्या जागेवरून, हाताच्या अंतरावरून बघायचं असतं. उभं केलं की ते सोंगांच्या फुलदाणीशी स्पर्धेला उभं राहतं नि हरतं. हरणारच. शर्यतच दुसऱ्याची आहे.

या भांड्यांबद्दल एक दंतकथा सगळीकडे पोचली आहे: अन्नात विष असलं तर ते तडकतं किंवा रंग बदलतं. तुर्की दरबारापासून आपल्या दख्खनी नवाबांपर्यंत सगळ्यांनी ती मानली, आणि मार्गदर्शक आजही ती मोठ्या चवीनं सांगतात. रसायनानं बघितलं तर यात तथ्य नाही. ही झिलई कशालाच दाद देत नाही, तोच तर तिचा गुण. पण समीक्षेनं दंतकथा नुसती खोडून थांबू नये. ती ताटाबद्दल काही सांगत नाही, पण ताटापुढे बसणाऱ्याबद्दल बरंच सांगते. ज्याला भावाच्या हातचं खाताना भीती वाटते, त्यालाच असलं ताट हवं असतं. लोंगच्वानच्या कारागिरानं भात वाढायला ताट दिलं, सुलतानानं त्यात आपली धास्ती वाढून घेतली.

जपानची कथा याच्या उलट, आणि समीक्षकांची लाडकी. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात लोंगच्वानची एक निळसर-हिरवी चहाची वाटी आहे, तेराव्या शतकातली. तिला तडा गेलेला, आणि तो धातूच्या मोठ्या टाचण्यांनी सांधलेला. पंधराव्या शतकात ती शोगून आशिकागा योशिमासाकडे होती, असं सांगतात. त्यानं ती चीनला पाठवली नि तशीच दुसरी मागितली. तिकडून उत्तर आलं की आता अशी होत नाही, आणि तीच टाचण्या मारून परत आली. टाचण्या टोळासारख्या दिसल्या म्हणून वाटीचं नाव टोळाच्या नावावर पडलं. अठराव्या शतकात लिहून ठेवलेली ही गोष्ट आहे. गोष्ट गोड आहे, आणि सांधलेली वाटी जपणं हे मोठ्या मनाचं लक्षण आहे. पण तिच्यातून ‘चीनची कला संपली होती’ असा जो धडा काढतात तो तपासायला हवा. पंधराव्या शतकात लोंगच्वानच्या भट्ट्या पेटतच होत्या. त्या वेळी तिथं पातळ, निळसर चहाची वाटी होत नव्हती, कारण मागणी दुसऱ्याची होती, दुसऱ्याच भांड्याची. गिऱ्हाईक बदललं की कारागिराचा हात बदलतो. जुन्या गिऱ्हाइकाला ते हात गळून पडल्यासारखं दिसतं.

मग शेवटी खरंच उतार आला तो कशानं? जिंगदेझेनच्या पांढऱ्या भांड्यांवर इराणकडच्या कोबाल्टनं निळी चित्रं आली, आणि जग तिकडे धावलं. दिल्लीत फिरोजशाह तुघलकाच्या कोटल्यातल्या चिनी भांड्यांतही चौदाव्या शतकातच निळ्या-पांढऱ्यांची संख्या हिरव्यांहून कितीतरी जास्त आहे. त्यातच मिंग राजांनी खाजगी समुद्री व्यापारावर बंदी घातली. ती फट भरायला सयाममधल्या सावनखालोकची हिरवी भांडी पुढे आली. निळ्या चित्राचा फायदा उघड आहे. ते लांबून वाचता येतं, त्यात गोष्ट सांगता येते, नाव लिहिता येतं. हिरवं भांडं गप्प असतं. ते जवळ घ्यावं लागतं, हात फिरवावा लागतो. बाजाराला एवढी फुरसत नसते. आणि छापील पुस्तकालाही नसते, कारण छायाचित्रात निळं-पांढरं जसंच्या तसं उतरतं. हिरवं उतरत नाही.

आपल्याकडे एक प्रश्न उरतो, आणि तो मला सगळ्यात जवळचा. एवढा माल आपल्या किनाऱ्यावरून गेला, तरी तो सुलतानांच्या वाड्यांपलीकडे आपल्या घरांत का शिरला नाही? हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात तो दिसतो, आमच्या फळीवर कधीच दिसला नाही. उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पितळ, तांबं, कासं राखेनं घासलं की शुद्ध. मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की बाहेर. आणि एका ताटात चौघांनी हात घालायचा ही कल्पनाच आम्हा जैनांना काय, आसपासच्या बहुतेक घरांना सोसणारी नव्हती. गंमत अशी की ही झिलई काहीच शोषून घेत नाही. शुद्धतेच्या ज्या कसोटीवर आपण तिला नाकारलं, त्याच कसोटीवर ती पितळेइतकीच उतरली असती. पण आपण पोत बघितला नाही, ‘माती’ हा शब्द बघितला. फक्त लोणच्यापुढे सोवळंही नमलं. मीठ नि आंबट पितळेला खातं, म्हणून चिनी मातीची बरणी तेवढी आत आली, आणि देशाचं नाव अंगावर घेऊन आली. म्हणजे आपणही नाव ठेवण्यात मागे राहिलो नाही.

लोंगच्वानच्या भाजण्याच्या जुन्या पद्धतीला २००९ मध्ये युनेस्कोनं वारसा म्हणून मान दिला. आता पुन्हा तिथं सोंग काळाच्या मुलायम झिलईची भांडी होतात, आणि पारितोषिकं त्यांनाच मिळतात. चांगलं आहे. पण वारसा म्हणताना तो निम्माच उचलला जाऊ नये. त्या उतारावर सर्वात जास्त घाम गाळला गेला तो अनोळखी माणसांच्या जेवणासाठी, आणि त्या ताटांवर घडवणाऱ्याचं नाव बहुधा नाही.

म्हणून संग्रहालयात असं ताट दिसलं तर दोन गोष्टी बघा. एक, खाली वाकून त्याची बूड दिसते का. तिथं झिलई पुसून काढलेलं एक विटकरी-नारिंगी वर्तुळ असतं. तेवढ्या भागात झिलई ठेवली असती तर ताट खालच्या कड्याला चिकटून बसलं असतं. भट्टी निवताना हवा आत आली आणि तिथल्या उघड्या मातीतलं लोखंड पुन्हा तांबूस झालं. म्हणजे एकाच ताटाला वरून कोंडलेल्या आगीचा हिरवा, आणि खालून मोकळ्या हवेचा लाल. हे कुठल्याही दरबारी भांड्याइतकंच शिकवतं. दुसरं, पाटीवर काय लिहिलं आहे ते वाचा. घराणं, शतक, कुणाची देणगी, हे सगळं असेल. त्यात कोण जेवायचं, हे लिहिलेलं नसेल, तर पाटी अपुरी आहे आणि तिच्यावर उभी राहिलेली समीक्षाही.